लाख्या, अँबॅसिडर आणि मागचा पंख

आधीच सांगून टाकते, आदिलाबाद जिल्ह्यात जाऊन मी धबधबा पाहिला नाही. परत आल्यापासून जो तो हेच विचारतोय आणि नाही म्हटलं की माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतोय. मी एक बैल पाहिला आणि एक मोटार पाहिली. पदराला बैलाची लाळ लागली ती अजून पुरती निघालेली नाही. तेव्हा धबधब्याचं कौतुक ज्यांना हवंय त्यांनी दुसरीकडे विचारावं.

आम्ही गेलो ते माझ्या नवऱ्याच्या खुळापायी. सुहास नाशकात जुन्या मोटारी बाळगणाऱ्या हौशी मंडळींच्या गटात शिरलाय. या लोकांचा एकच धर्म, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तश्शी हवी. कुणी नुसता आरसा बदललेला दिसला तरी ही माणसं सुतक आल्यासारखी गप्प होतात. अडचण एवढीच होती की सुहासकडे जुनी गाडीच नव्हती. माझ्या दिगांबरमामाकडे मात्र साठ-पासष्टच्या सुमाराची अँबॅसिडर होती, आणि मामाने फोनवर सांगून टाकलं होतं, "घेऊन जा नं जवाईबुवा! आमचा पोळा तेवढा होऊ द्या, अन् मंग न्या."

झालं! सुहासने पार्किंगची जागा धुऊन काढली, आणि गाडीवर घालायला राखाडी रंगाचं एक भारी कव्हर आणलं. त्याला आतून मऊ अस्तर होतं. मी शिवणकामाचे वर्ग घेते, माझ्या स्वतःच्या एका ब्लाउजला तसलं अस्तर नाही. ते कव्हर तो आगगाडीत मांडीवर घेऊन बसला. जाताना रेल्वेने जायचं आणि येताना अँबॅसिडरमधून थाटात यायचं, असा बेत होता.

आदिलाबाद, पोळ्याच्या तीन दिवस आधी

स्टेशनाबाहेर मामा उभा होता. पांढरं धोतर, पायात बूट, आणि शेजारी ती.

गाडीला शिंगं होती. उगाच काहीतरी लिहीत नाहीये, बॉनेटवर दोन्ही बाजूंना लाकडी शिंगं, लाल रंगवलेली, टोकाला पितळी शेंब्या. सगळ्या अंगाला पोपटी रंगाचा चिकटकागद आणि त्यावर गेरूच्या रंगाचे गोल ठिपके. पुढच्या जाळीला बाशिंग बांधायला हुक. आरशांना गोंडे. खाली निळे दिवे. आणि डिकीवर, विमानाचा तुटका पंख आणून ठोकावा तसा, एक जाडजूड काळा पंख. शर्यतीच्या गाड्यांना असतो तो. पोपटी अँबॅसिडरवर!

"कशी काय वाटते?" मामाने विचारलं.

 सुहासने कव्हर छातीशी घट्ट धरलं.

"जवाईबुवा खुश झाले," मामा मला म्हणाला. "अन् तू काऊन वं इतकी वाळली? नाशकात जेवू घालत नाई का कोनी?"

माझं वजन गेल्या वर्षी वाढलंय. पण मामाच्या तोंडून ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी काही बोलले नाही. वाटेत त्याने मिरचीभजी खायला घातली. आमच्याकडे मिरचीभजी म्हणजे तोंडी लावणं, इथे ते जेवण आहे. सुहासने एक खाल्लं आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. मामाला वाटलं, गाडी पाहून गहिवरला.

जांभूळखेडा

मामाचं गाव बेला या तालुक्याच्या गावाच्या पलीकडे, पैनगंगेच्या अलीकडे. नदीपल्याड महाराष्ट्र. दुकानाच्या पाट्या तेलुगूत, भांडणं मराठीत. चोहीकडे कापूस कमरेएवढा, मधेमधे ज्वारी. मामीने दारातच पाण्याचा तांब्या दिला आणि जेवायला ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. ती भाजी इतकी आंबट होती की माझे कान हलले. मी तीनदा घेतली.

जेवता जेवता मामीने सगळा किस्सा सांगितला. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून वेशीजवळ ओळीने उभे करतात, वर आंब्याच्या पानांचं तोरण असतं. त्या तोरणाखालून जी जोडी सगळ्यांत आधी जाते तिला मान. हा मान पिढ्यान् पिढ्या मामाच्या घराचा. मामाची जोडी होती सोन्या आणि लाख्या. सोन्या मेला. शेत ट्रॅक्टरवर होऊ लागलं होतं, मामाने दुसरा बैल घेतला नाही. मग गावातला बापूराव उभा राहिला. बापूरावची खिल्लारी जोडी दुधासारखी पांढरी, आणि त्याचा डोळा या मानावर फार दिवसांचा. तो म्हणाला, एकट्या बैलाची जोडी कशी होईल?

"मंग?" मीही तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

"मंग काय! तुया मामानं सांगतलं, सोन्याच्या जागी माही मोटार उभी राहीन. पंच हासले लय. पन लाख्या मोटारीच्या बाजूनं बराबर चालला नं वं! मंग पंचाईनं ठरवलं, चालते. पन मोटार बैलावानी सजली पायजे, अन् दोघायनं संगं तोरनाखालून गेलं पायजे. एकबी अडला तं मान बापूरावले. कायमचा."

दोन पोळे असे पार पडले होते. हा तिसरा. शिंगांचा उलगडा झाला. मी सुहासकडे पाहिलं तर तो भाकर हातात धरून खिडकीतून गाडीकडे बघत होता. तो म्हणाला, "मामा, त्या पोपटी कागदाखाली मूळ रंग असेल का हो?"

मामीने मामाकडे पाहिलं. मामाने ताटाकडे. त्या घरात भाचजावयाचा शब्द मोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं, आणि सुहासला ठाऊक नव्हतं. तो आपला सहज विचारून राह्यला होता.

"उद्या काढून पाहू की," मामा म्हणाला. "त्यात काय बाप्पा! शिंगं परत बांधता येते."

रफीकभाईंचं दुकान

आदिलाबादेत गाड्यांना नटवण्याचं काम करणारे रफीकभाई मामाचे जुने दोस्त. मामाच्या गाडीला आजवर जे जे चिकटलं ते यांच्याच हातून. दुकानाच्या माळ्यावर वीसेक वर्षांच्या हौसा लटकत होत्या, पडदे, पंखे, काळ्या काचा, जाळ्या, भोंगे.

"हमारे यहां पयले सबकू परदे होना," ते स्टुलावर बसून मला सांगू लागले. "खिडकी को मखमल के परदे, सामने छोटा पंखा. तुम्हारे मामा ने गुलाबी परदे लगाए थे. पूरा बेला देखने कू आया था."

मग पडदे गेले आणि काळ्या काचा आल्या. गाडीत कोण बसलंय ते दिसता कामा नये, असा मोठेपणा. मग गाणी वाजवणारे भोंगे. मग पंख. मामाने पंख बसवला तेव्हा म्हणे रस्त्यात लोक विचारत, ही उडते का? मग खालचे निळे दिवे, मग चिकटकागद.

"और अब?" मी विचारलं.

"अब?" रफीकभाईंनी कपाळावर हात मारला. "अब जवान बच्चे आके बोलते, चाचा, पुरानी दिखना! मैं बोलता, अरे जो मैंने लगाया वो निकालने के भी पैसे देते क्या? हौ बोलते. जिनके पास पुरानी गाड़ी नहीं, वो पुराना सामान नई गाड़ी कू लगाते. दिमाग का दही हो गया मेरा."

मला हे चांगलं समजलं. फुग्याच्या बाह्यांचे ब्लाउज मी आयुष्यात दोनदा शिकवलेत, आणि मधल्या काळात तेच ब्लाउज घालणाऱ्यांना हसलेय. सुहासला मात्र यात काही गंमत वाटत नव्हती. तो गाडीच्या एका कोपऱ्याचा कागद नखाने उचकटत होता. एकदम ओरडला, "साय! सायीचा रंग!"

खाली खरोखरच दुधावरच्या सायीसारखा रंग होता. मग काय, त्याला धरवेना. कागद सोलला, दिवे काढले, भोंगा काढून जुना बसवला. पंख काढताना तर त्याने स्वतः पाना घेतला. "हे असलं कुरूप मी जन्मात पाहिलेलं नाही," तो म्हणाला. मामाही जरा ओशाळून हसला. "खरं आहे जवाईबुवा, थे मालेबी आवडत नाई. फ्याशन होती म्हनून लावलं."

काढलेला पंख जमिनीवर ठेवला होता. तेवढ्यात लाल रंगाची एक नवीकोरी जीप आली. आतून बापूराव उतरला, बरोबर त्याचा कॉलेजातला पोरगा. पोराने पंख पाहिला आणि त्याचे डोळे लकाकले. "पप्पा, हे ओरिजनल जुनं आहे! हेच लावू!" मामा म्हणाला, न्या बाप्पा, आमाले कायले पायजे. दहा मिनिटांत पंख जीपवर चढला. बापूराव मामाला म्हणाला, "दिगांबर, गाडी लय सोज्वळ केली गा. पोळ्याले येते ना?"

"येते," मामा म्हणाला.

परत येताना सुहास स्टिअरिंगवर होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं तेज होतं जे आमच्या लग्नातल्या एकाही फोटोत नाही.

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्या घरी नाशकात मातीची बैलजोडी बाजारातून आणायची, पाटावर ठेवायची, पुरणपोळी दाखवायची आणि आपणच खायची, एवढाच पोळा. इथे बैल खराखुरा आणि त्याची अक्कलही खरी.

मामाने लाख्याच्या खांद्याला तूप चोळलं. मग मामीने गाडीच्या पुढच्या मडगार्डला चोळलं. सायीच्या रंगावर हळदीचा पिवळाधमक हात उमटला, तेव्हा सुहासने डोळे मिटले, पण बोलला नाही, एवढं त्याचं कौतुक.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," मामाने लाख्याच्या कानात म्हटलं. मग वाकून हेडलाइटशी तेच म्हटलं. लाख्याला गाडीशेजारी आणून उभं केलं.

लाख्याने गाडी हुंगली. पुढून हुंगली, मागे जाऊन हुंगली. डिकीपाशी थांबला. नाकातून मोठा फुत्कार सोडला, पाठ फिरवली आणि सरळ खाली बसला.

"उठ रे राजा," मामा म्हणाला. लाख्या हलेना. मामीने ज्वारीचा ठोंबरा पुढे केला, पोळ्याला बैलांसाठी ज्वारी शिजवून करतात तो. तोंड लावेना.

मामा मटकन् ओट्यावर बसला. "वळखत नाई तो तिले," तो म्हणाला. इतका वेळ हसणारा माझा मामा, त्याचं तोंड एवढंसं झालं. "उद्या असाच बसला तं संपलं."

 सुहास तर पांढराफटक. त्या दिवशी मामाने नाही का म्हटलं नाही, हे मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. "अगं पण मला काय माहीत!" तो म्हणाला. "मला वाटलं त्यांना पण आवडलं."

मग आम्ही कामाला लागलो. ठिपके हवे असतील म्हणून मी गेरू कालवून गाडीवर हातानं ठिपके काढले, सुहासनेच वाटी धरली. शिंगं बांधली, भोक पाडायला नको म्हणून माझ्या ओढणीच्या पट्ट्या करून. गोंडे लावले. गळ्यात घुंगरमाळ, म्हणजे जाळीवर. सुहासने भोंगा वाजवून पाहिला, त्या मूळ भोंग्यातून शिंकेसारखा आवाज आला आणि लाख्याने कानसुद्धा हलवला नाही. शेवटी सुहास स्वतः बैलापुढे उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, "लाख्या, ही तीच आहे रे. फक्त तोंड धुतलंय."

लाख्याने डोळे मिटून रवंथ सुरू केलं.

पोळा

सकाळपासून पुरणपोळ्या. इथे त्या तुपात बुडवून, वर कढी आणि वडे. मला जेवण जात नव्हतं असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण गेलं. मामाला मात्र गेलं नाही.

दुपारी लाख्याला कसाबसा उठवून, तिघांनी ढकलून वेशीपर्यंत नेलं. अंगावर झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, राजाच दिसत होता. गाडी सुहास चालवत होता. ओळ लागली. सगळ्यांत पुढे लाख्या आणि अँबॅसिडर, मागे बापूरावची खिल्लारी, आणि त्यांच्याही मागे बापूरावची लाल जीप, तिच्यावर कर्णे.

वाजंत्री वाजली. झडत्या सुरू झाल्या. झडत्या म्हणजे पोळ्यात एकाने तालावर जोडलेल्या ओळी म्हणायच्या आणि सगळ्यांनी शेवटी हर हर महादेव करायचं. पंचांनी हात वर केला. सुहासने पहिला गिअर टाकला.

लाख्या बसला.

गर्दीतून हूऽऽ झालं. बापूराव पुढे आला, "चला, आमची जोडी घ्या पुढं." मामा लाख्याच्या कासऱ्याला धरून उभा. मला रडूच आलं. सुहासवर इतका राग आला की तो सायीचा रंग तिथल्या तिथे खरवडून काढावासा वाटला.

पंच म्हणाले, "दिगांबर, बाजूले घे."

आणि लाख्या उठला. आपणहून. मामाच्या हातून कासरा सुटला. लाख्या ओळीतून बाहेर पडला, बापूरावच्या खिल्लाऱ्यांकडे ढुंकूनही न बघता मागे गेला, थेट लाल जिपेच्या मागच्या टोकाशी. आणि त्या काळ्या पंखाच्या कडेला मान लावून खसाखसा, खसाखसा घासू लागला. डोळे अर्धे मिटलेले. जीभ बाहेर. असं सुख मी माणसांच्या तोंडावरसुद्धा पाहिलेलं नाही.

 मग मामी ओरडली, "अवो, तो मान खाजवून राह्यला! म्हनून चालत होता का रे मुडद्या तू दोन वरस मोटारीच्या संगं?"

जो हशा उसळला! बापूराव सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "पाहा, लाख्या आमच्याकडं आला! जोडी आमची!"

"बैल तुहा नाई अन् पंख तुहा नाई," मामी म्हणाली. "परवा फुकट नेला दुकानातून."

पंचांची पंचाईत झाली. बैल एकाचा, जीप दुसऱ्याची, पंख पुन्हा पहिल्याच्याच गाडीचा. असा पोळा त्यांनी बापजन्मात पाहिला नव्हता. एवढ्यात सुहास गाडीतून उतरला. सरळ बापूरावपुढे जाऊन उभा राहिला आणि हात जोडले.

"तो पंख मला द्या," तो म्हणाला.

"तुमीच तं काढला जवाईबुवा. कुरूप आहे म्हणे."

"कुरूपच आहे. पण तो त्या गाडीचा आहे. माझ्या हातून चूक झाली. द्या हो."

बापूराव मानासाठी हपापलेला खरा, पण गावचा जावई वेशीवर हात जोडून उभा राहिला की तोही काय करणार? त्यालाही तोच कायदा. तो डोकं खाजवत म्हणाला, "जवाईबुवानं मांगतलं, आता नाई कसं म्हनाव! काढा."

पाना कुणाकडे नव्हता. पंख ओढूनच काढला आणि त्याचे स्क्रू धुळीत गेले. कासऱ्याने डिकीला बांधला तर तो डोलायला लागला. "कोणीतरी धरून बसा," सुहास म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी? नऊवारी नाही तर नाही, पण चांगली पैठणी नेसून आलेली बाई, मी अँबॅसिडरच्या डिकीवर चढले. तोंड मागे करून बसले, पंख दोन्ही हातांनी धरला. लाख्या आला. माझ्या पदराला, माझ्या कोपराला आणि पंखाला, जे येईल त्याला मान घासत उभा राहिला.

"चाल!" मामा ओरडला.

गाडी सरकली. लाख्या चालला. जोडी सरळ नव्हती, बैल गाडीच्या मागच्या टोकाशी आणि मी मधे, पण दोघंही चालत होती. कुणीतरी ताल धरला,

"नाशकाचा जवाई, त्यानं गाडी केली गोरी,
बैल म्हने वळखीची नाई वो ही पोरी,
आना मांगचा पंख, बांधा त्याले दोरी,
हर बोला हर हर महादेव!"

तोरणाची पानं माझ्या डोक्याला लागली तेव्हा मला कळलं, आम्ही पार झालो. मामाने आधी लाख्याच्या गळ्याला मिठी मारली, मग सुहासच्या. मामी माझ्या साडीकडे बघून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी ढसाढसा रडत होते, मला कुणी खाली उतरवेना.

परत

दुसऱ्या दिवशी मामाने गाडीची किल्ली सुहासच्या हातात ठेवली. बोललेला शब्द.

"गाडी न्या जवाईबुवा," तो म्हणाला. "पन मंग लाख्यालेबी न्या. जोडी फोडत नाई आमी."

सुहासने अंगणात पाहिलं. पंखाला नवे स्क्रू बसले होते आणि लाख्या त्याला मान लावून उभा होता. आमच्या नाशकातल्या इमारतीत बैल चालत नाही, कुत्र्यावरूनच भांडणं होतात. सुहासने किल्ली मामाच्या खिशात परत टाकली. मग आत जाऊन ते राखाडी कव्हर आणलं आणि मामीच्या हातात दिलं. "पावसात गाडी भिजायला नको," एवढंच म्हणाला. परतीच्या रेल्वेत त्याची मांडी मोकळी होती.

सुहास अजून त्या गटात जातो. गाडी कुठवर आली विचारतात, तेव्हा म्हणतो, काम चालू आहे. परवा मामाचा फोटो आला. मुसळधार पाऊस, अँबॅसिडर उघडी, ठिपके ओघळलेले, आणि शेजारी लाख्या. आमचं भारी कव्हर, मऊ अस्तराचं, लाख्याच्या अंगावर. मामीने पोटाखालून नाड्या लावून शिवून घेतलं होतं.

मला वाटलं आता हा चिडणार. सुहासने फोटो मोठा केला, शिवण नीट पाहिली आणि फोन मला परत दिला.

"मापात बसलंय," तो म्हणाला. "फक्त मानेपाशी जरा सैल ठेवायला सांग. खाजवायला."